अंडी थांबली की मग काय?

मागच्या वर्षी माझी आत्या सहा महिन्यांसाठी मुलीकडे इंग्लंडला गेली. लंडनच्या पश्चिमेचं एक उपनगर. एकाला एक चिकटून घरं, पुढे गाडी लावायची जागा आणि मागे लांबट परसबाग. पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला आणि स्क्रीनवर आत्याऐवजी चार कोंबड्या दिसल्या. एकीच्या मानेवर पीसच नव्हतं. दुसरीची पाठ उघडी पडलेली. तुरे फिके आणि एका बाजूला कललेले.

"ताईने आणल्यात. फार्मवरून रिटायर झालेल्या," आत्या म्हणाली. मग आवाज खाली आणत, "अगं, गावाला असली कोंबडी आपण पाहुणे यायच्या आधी..." एवढ्यात सात वर्षांचा नातू शेजारी येऊन उभा राहिला आणि तिने वाक्य तिथेच गिळलं.

आत्याचं माहेर साताऱ्याकडचं. खुराडं, डालगं, पिल्लांवर झडप घालणारी घार हे सगळं तिने लहानपणापासून पाहिलंय. त्यामुळे तिने ताईला विचारलेला पहिला प्रश्न अगदी सरळ होता. "यांची अंडी थांबली की मग काय करणार?"

ताई म्हणाली, "काही नाही. राहतील."

हा संवाद मला तेव्हा फक्त गमतीदार वाटला होता. पण नंतर या विषयावर वाचायला लागले, पुण्याजवळच्या एका लेयर फार्मवर जाऊन आले, तेव्हा लक्षात आलं की आपण रोज खातो त्या अंड्यामागचा मोठा प्रश्न आत्याने एका वाक्यात विचारला होता.

हे नेमकं काय असतं?

ब्रिटनमध्ये अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांची संख्या साधारण चार कोटींच्या घरात आहे. कोंबडी सुमारे अठरा-वीस आठवड्यांची झाली की अंडी द्यायला लागते. ७२ ते ८० आठवड्यांच्या आसपास अंड्यांची संख्या कमी होते आणि कवच पातळ व्हायला लागतं. खाद्य तेवढंच लागतं, अंडी मात्र कमी मिळतात. मग सगळी शेड एकदम रिकामी करून कोंबड्या कत्तलखान्यात पाठवतात आणि नवा कळप आणतात. कोंबडी चांगली सांभाळली तर सहा-आठ वर्षं जगू शकते. इथे तिचा हिशेब दीड वर्षात संपतो.

२००५मध्ये जेन हॉवर्थ यांनी डेव्हन परगण्यात एक संस्था सुरू केली. आज ती 'ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट' या नावाने ओळखली जाते. शेड रिकामी होण्याआधी शेतकऱ्याशी बोलून काही कोंबड्या घ्यायच्या आणि घरगुती बागांमध्ये द्यायच्या, एवढंच तिचं मूळ काम. आजवर तिने दहा लाखांहून जास्त कोंबड्यांना घरं मिळवून दिलीत. कमीत कमी तीन कोंबड्या घ्याव्या लागतात, कारण हा एकट्याने राहणारा पक्षी नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला लोक भोकं पाडलेले खोके घेऊन रांगेत उभे राहतात, थोडी देणगी देतात आणि कोंबड्या घेऊन जातात.

ताईच्या घरी पहिल्या दिवशी चौघी खुराड्याच्या दारातच थांबल्या. गवतावर पाय ठेवायला अर्धा दिवस गेला. चौथ्या दिवशी एकीने वाफ्यातली माती उकरली, त्यात आडवी पडली आणि पंखांनी अंगावर धूळ उडवायला लागली. मुलांना वाटलं तिला फिट आली. आत्याने सांगितलं, "काही नाही, अंघोळ करतीये." कोंबड्या धुळीतच अंघोळ करतात, त्याने पिसांतले किडे जातात. ही कोंबडी जन्मात कधी मातीवर चालली नव्हती, तरी तिला ते येत होतं.

उजाडायचं बटण

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. लेयर शेडमध्ये मात्र उजाडतं ते बटण दाबल्यावर. कोंबडीचं अंडं देणं उजेडावर अवलंबून असतं. दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. म्हणून शेडमध्ये रोज चौदा ते सोळा तास उजेड मिळेल असे दिवे लावले जातात.

आजच्या सगळ्या कोंबड्यांचा पूर्वज म्हणजे रानकोंबडी. ती वर्षाला दहा-पंधरा अंडी देते, तीही पिल्लं काढण्यासाठी. आजची लेयर वर्षाला तीनशेच्या वर देते. एका अंड्याच्या कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. खाद्यातून पुरेसं मिळालं नाही की ते हाडांतून जातं. त्यामुळे या कोंबड्यांची हाडं ठिसूळ होतात आणि छातीचं हाड मोडलेलं असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

आत्याला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. "या खुडूक होतच नाहीत गं," ती म्हणाली. खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कुणी जवळ गेलं की अंग फुगवून टोचणारी कोंबडी. खुडूक झाली की ती काही आठवडे अंडी देत नाही. धंद्याला ते परवडत नाही, म्हणून पिढ्यान् पिढ्या निवड करून व्यापारी जातींमधून तो गुण जवळपास काढून टाकलाय. पिल्लं इन्क्युबेटरमध्ये २१ दिवसांत निघतात. त्यातले नर अंडी देणार नाहीत आणि मांसासाठीही या जातीचे नर परवडत नाहीत, म्हणून बहुतेक देशांत त्यांना पहिल्याच दिवशी मारलं जातं. जर्मनीने २०२२पासून त्यावर बंदी घातली.

सुटका कुणाची?

आता थोडं कठोरपणे बोलू. ताईने चार कोंबड्या आणल्या म्हणून त्या शेडमध्ये चार जागा रिकाम्या राहिल्या का? नाही. शेड धुऊन नवा कळप आला असणार. शिवाय ही संस्था शेतकऱ्यांच्या विरोधात आंदोलन करत नाही. त्यांच्या सहमतीनेच कोंबड्या घेते. म्हणून प्राणिहक्कवाल्यांतले काही जण म्हणतात की याने व्यवस्था बदलत नाही, उलट तिला चांगुलपणाचा रंग लागतो.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. मला वाटायचं की सोडवलेल्या कोंबड्या म्हणजे पिंजऱ्यातल्या. पण फ्री-रेंज फार्मवरच्या कोंबड्याही अशाच दिल्या जातात, कारण त्यांचाही हिशेब त्याच सुमाराला संपतो. ब्रिटनमध्ये अंड्यावर शिक्का असतो. ० म्हणजे ऑरगॅनिक, १ फ्री-रेंज, २ शेडमध्ये मोकळी, ३ पिंजऱ्यातली. हा आकडा कोंबडी कशी जगली ते सांगतो. ती किती जगली हे कुठल्याच शिक्क्यावर नसतं.

मग याचा उपयोग काय? ताईचं उत्तर साधं होतं. "चौघींना झाला ना." आणि मला वाटतं, अजून एक उपयोग झाला. घरातल्या दोन मुलांना अंडं कुठून येतं हे कळलं आणि त्याची किंमतही कळली. कारण हे प्रकरण रीलमध्ये दिसतं तेवढं गोड नसतं.

उपनगरातही रात्री कोल्हे फिरतात, म्हणून संध्याकाळी न चुकता खुराडं बंद करावं लागतं. सांडलेल्या दाण्याला उंदीर येतात. काही घरांच्या खरेदीखतातच कोंबड्या पाळायला मनाई असते. १ ऑक्टोबर २०२४पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एक कोंबडी असली तरी सरकारकडे नोंदणी सक्तीची आहे. बर्ड फ्लू पसरला की पक्षी बंदिस्त ठेवायचा आदेश निघतो, म्हणजे सोडवून आणलेली कोंबडी कायद्यानेच पुन्हा कोंडली जाते. आणि आत्याला न पटलेला नियम म्हणजे घरच्या स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं कोंबडीला घालणं बेकायदा! पोळीचा तुकडाच काय, त्या ओट्यावर निघालेली भाजीची सालंही नाहीत. रोगाची साखळी अन्नातून पसरू नये म्हणून हा नियम आहे. आत्या म्हणाली, "मग कोंबडी पाळायची कशाला?"

आठव्या महिन्यात चौघींपैकी एक गेली. पोटातच अंडं फुटून संसर्ग झाला होता. जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्यांमध्ये हे बऱ्याचदा होतं. डॉक्टरने अंडी थांबवणाऱ्या हार्मोन इम्प्लांटचा पर्याय सांगितला होता, पण तोवर उशीर झाला. उपचाराचं बिल कोंबडीसाठी दिलेल्या देणगीच्या कित्येक पट आलं. मुलं दोन दिवस नीट जेवली नाहीत.

आणि आपल्याकडे?

आपण पुण्यातले लोक या विषयापासून लांब नाही. १९८२मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी'चं मुख्यालय इथलंच. 'संडे हो या मंडे'वाली जाहिरात तिचीच. आजही तिचे रोजचे दर बघूनच अंड्यांचा बाजार चालतो. २०२३-२४मध्ये भारतात सुमारे १४,२७७ कोटी अंडी झाली, म्हणजे माणशी वर्षाला १०३. व्यापारी अंड्यांचा मोठा हिस्सा पिंजऱ्यांमधून येतो.

ज्या फार्मवर मी गेले, तिथे पिंजऱ्यांच्या तीन मजली रांगा होत्या. मालक काका मोकळेपणाने बोलले. मका आणि सोयाबीनचे भाव, कर्जाचा हप्ता, उन्हाळ्यात मरणाऱ्या कोंबड्या, अंड्याचा दर पडला की होणारा तोटा. मी ताईच्या कोंबड्यांचं सांगितलं तर ते हसले. "इथे म्हातारी कोंबडी फुकट कोण देणार? किलोवर जाते ती."

फरक इथे आहे. ब्रिटनमध्ये वय झालेल्या लेयरला जवळपास काहीच भाव नसतो, त्यामुळे शेतकऱ्याला चार कोंबड्या द्यायला जड जात नाही. आपल्याकडे तिला गिऱ्हाईक आहे आणि तो पैसा नव्या कळपाच्या खर्चात धरलेला असतो. शिवाय आपल्यापैकी कितीजणांकडे अंगण आहे? माझ्या सोसायटीत तर मांजराला दूध घातल्यावरूनही मीटिंग होते. त्यामुळे ताईचा मार्ग इथे जसाच्या तसा चालणार नाही.

पण जागेचा प्रश्न इथेही आहे. जुलै २०१७मध्ये विधी आयोगाने आपला २६९वा अहवाल याच विषयावर दिला. २०२३मध्ये केंद्राचे नियम आले आणि त्यांत एका कोंबडीला कमीत कमी ५५० चौरस सेंटिमीटर जागा ठरवली. आपण असाइनमेंट प्रिंट करतो तो ए-फोर कागद घ्या. तो साधारण ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे कायद्याने दिलेली जागा त्याहूनही कमी. आधी यापेक्षाही दाटीने कोंबड्या ठेवल्या जायच्या, त्यामुळे ही सुधारणा आहे हे मान्य. पण ५५० हाच आकडा युरोपच्या जुन्या पिंजऱ्यांचा होता आणि ते पिंजरे तिथे १ जानेवारी २०१२पासून बंद झाले. आपण जिथून सुरुवात करतोय, तिथून ते केव्हाच निघून गेले. अर्थात तेही पोचलेत असं नाही. ७५० चौरस सेंटिमीटरचे, बसायला दांडी असलेले सुधारित पिंजरे ब्रिटनमध्ये अजून वापरात आहेत.

यावर लगेच प्रश्न येतो, जागा वाढवली तर अंडं महागेल, मग गरिबाने काय खायचं? हा प्रश्न खोटा नाही. महाराष्ट्रात २०२३च्या शेवटी शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायला सुरुवात झाली. जानेवारी २०२५मध्ये सरकारने त्याचा वेगळा निधी बंद केला आणि शाळांना लोकसहभागातून सोय करायला सांगितलं. स्वस्त अंडं हेच खूप मुलांचं सगळ्यात सोपं प्रोटीन आहे. पण हे मुद्दे एकमेकांसमोर उभे करताना एक गोष्ट आपण विसरतो. पिंजऱ्यामुळे अंडं स्वस्त झालं तरी ते त्या मुलाच्या ताटात पोचलं नाही, कारण ते थांबलं निधीवर. मुलाचं अंडं ही सरकारची जबाबदारी आहे, तिचा भार पिंजऱ्यातल्या कोंबडीवर टाकणं बरोबर नाही. आणि ज्यांना परवडतं त्या आपण, कॅफेत दोनशे रुपयांचं ऑम्लेट खाणाऱ्यांनी, गरिबाचं नाव पुढे करून स्वतःचा प्रश्न टाळू नये.

आपल्याला करता येण्यासारखं आहे ते छोटं आहे. पाकिटावर 'फार्म फ्रेश' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ काहीच होत नाही. कोंबड्या पिंजऱ्यात आहेत की मोकळ्या, हे दुकानदाराला, कॉलेजच्या कँटीनला, ज्या ॲपवरून मागवतो त्याला विचारता येतं. गावाकडून कुणी गावठी अंडी आणत असेल तर त्याला दोन रुपये जास्त देता येतात. आणि नियम कागदावरून शेडपर्यंत गेले का, हे विचारत राहणं तर आमच्यासारख्या पत्रकारिता शिकणाऱ्यांचं कामच आहे.

आत्या परत आली त्याला आता बरेच महिने झाले. ताईकडे तिघी उरल्यात. मानेवर पिसं आलीत, तुरे लाल झालेत. त्यातली एक तर अंडं देतच नाही. परवा आत्या व्हिडिओ कॉलवर नातवाशी बोलत होती. अभ्यास, थंडी, खोकला सगळं झाल्यावर तिने विचारलं, "आणि ती बसून खाणारी कशी आहे?" नातू फोन घेऊन बागेत पळाला. कोंबडी उन्हात माती उकरून आडवी पडली होती. आत्या बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "कोल्ह्याकडं लक्ष ठेव रे. खुराड्याचं दार नीट लावत जा."