खंबीर राहा म्हणता, पण सोबत कोण राहणार?

कुणी आजारी पडले, कुणाचा अपघात झाला, कुणाचे घर गेले, की आपला समाज एक वाक्य त्याच्या हातावर ठेवतो: खंबीर राहा, सकारात्मक विचार करा. वाक्य चांगले आहे. फुकटही आहे. पण खंबीर राहण्याची सगळी जबाबदारी दुःखात बुडालेल्या माणसावरच का, हा आमचा प्रश्न आहे.

आंबेगाव तालुक्यातले माळीण आठवा. ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरड कोसळली आणि महादेव कोळी आदिवासींचे हे गाव गाडले गेले. १५१ माणसे गेली. गाव जागेवर नाही, हे एका एसटी चालकाच्या लक्षात आले तेव्हा जगाला कळले. वाचलेल्यांना नवे गाव मिळायला एप्रिल २०१७ उजाडला. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते खचले. आता सांगा, माळीणकरांची जिद्द कमी पडली, की व्यवस्थेची जबाबदारी? पुढे २०२१ ला तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी. दरडीखाली पुन्हा डोंगरातलीच गरीब माणसे.

अशा वेळी कुणी ‘नशीब’ म्हणतो, कुणी ‘पूर्वजन्मीचे कर्म’. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये पूर्वकर्माचा हा सिद्धांत साफ नाकारला, कारण तो अन्यायाला दैवाचे नाव देतो. दुःखाला कारण असते आणि कारण दूर करता येते, हा बुद्धाचा विचार. आमच्या मते खरी सकारात्मकता ती हीच.

जुन्नरच्या लेण्याद्री, मानमोडी, तुळजा लेण्यांत भिक्खू राहत. त्या संघाच्या विनयात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता, कुणी विचारत नव्हते. बुद्धाने त्याला धीराचे प्रवचन दिले नाही. बुद्धाने स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला बजावले की तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? त्याच ठिकाणी चांगल्या रुग्णाचे गुण सांगितले आहेत: पथ्य पाळणे, औषध घेणे, त्रास खरा सांगणे. वेदना सहन करणे त्या यादीत सर्वांत शेवटी येते. आपण मात्र सुरुवातच तिथून करतो.

बाबासाहेबांनी मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना हा ग्रंथ पुरा केला. त्यांच्या जिद्दीचे गोडवे आपण गातो. पण ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी माईसाहेब आणि डॉ. मालवणकर यांचे ऋण मान्य केले होते. ती प्रस्तावना ग्रंथात छापली गेली नाही. जिद्द दिसली, तिच्यामागची शुश्रूषा झाकली गेली.

म्हणून बंधू-भगिनींनो, धीर हवाच, त्याला आमचा विरोध नाही. पण तो देण्याचे काम आपले आहे. वंदना झाल्यावर प्रत्येक विहारात विचारले जावे: वस्तीत कोण आजारी आहे, त्याला मंचरच्या रुग्णालयात कोण नेणार, त्याची मजुरी बुडाली तर चूल कशी पेटणार, घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात अर्ज कोण भरून देणार? ही नावे वहीत लिहा. पुढच्या पौर्णिमेला त्याचा हिशोब मागा.

जय भीम! नमो बुद्धाय!