सोळाव्या दिवसाचा प्रश्न

लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत पूर्वांचल व बिहारमधून कर्करोगाचे रुग्ण येतात. काहींचे संपूर्ण जठर काढावे लागते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. मात्र घरी परतल्यानंतरच्या खर्चाची तरतूद १५ दिवसांपुरतीच आहे. रुग्णाची खरी कसोटी त्यानंतर लागते.

जठर नसलेल्या माणसाला दिवसातून सहा ते आठ वेळा, थोडे थोडे, प्रथिनयुक्त अन्न घ्यावे लागते. मोलमजुरी करणाऱ्याला हे कसे जमावे? बी-१२ जीवनसत्त्व शोषून घेण्यास आवश्यक असलेला घटक जठरातच तयार होतो. त्यामुळे या जीवनसत्त्वाची इंजेक्शने बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. यकृतातील साठा काही काळ, कधी काही वर्षेही पुरतो. म्हणूनच ती चुकली तरी रक्तक्षय आणि मज्जातंतूंची हानी उशिरा, बहुतेकदा पाठपुरावा सुटल्यावर, उघडकीस येते.

क्षयरुग्णांना निक्षय पोषण योजनेतून उपचारकाळात दरमहा १००० रुपये मिळतात. पोषण हा उपचाराचाच भाग आहे, हे तत्त्व शासनाला त्यामुळे मान्यच आहे. आता जठर गमावलेल्यांनाही ते लागू करावे. आहारासाठी मासिक साहाय्य द्यावे आणि इंजेक्शन, वजन व रक्ताची तपासणी गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी. शस्त्रक्रियेवर लाखो रुपये खर्चून वाचवलेला जीव काही रुपयांच्या इंजेक्शनाअभावी खंगणे, हा सार्वजनिक पैशाचाही अपव्यय आहे.