सिद्धान्त आणि साक्षी

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील युरोपविषयी आपल्याकडे जे लिहिले व शिकविले जाते त्याचा एकंदर रोख असा असतो की, त्या काळी त्या भूखंडावर असामान्य बुद्धीचे पुरुष एकापाठोपाठ एक जन्माला आले आणि त्यांनी आपापल्या एकान्तात बसून निसर्गाची रहस्ये उलगडली. तत्त्वज्ञ व्हाइटहेडने १९२५ साली त्या शतकाला ‘प्रतिभेचे शतक’ असे नाव दिले. त्याच्या मनातील आशय बराच व्यापक होता, परंतु आमच्याकडे त्या नावाचा अर्थ एवढाच उरला की प्रतिभा अवतरली म्हणजे विज्ञान अवतरते. या पूर्वपक्षाचा मुकुटमणी अर्थातच न्यूटन. हे चित्र केवळ अपुरे आहे असे म्हणून मी थांबणार नाही. ते चुकीचे आहे, आणि ज्या समाजाला आपल्या घरी विद्येची प्रतिष्ठापना करावयाची आहे त्याला ते घातकही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण प्रतिभा हीच सर्व काही असेल, तर तिची वाट पाहत हातावर हात ठेवून बसण्यापलीकडे समाजाला करण्यासारखे काही उरत नाही.

प्रत्यक्ष कागदपत्रे काय सांगतात ते पाहावे. १६८४ च्या जानेवारीत लंडनला क्रिस्टोफर रेन, रॉबर्ट हूक आणि एडमंड हॅली यांच्यात बोलणे चालले असता, सूर्याचे आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असेल तर त्यावरून ग्रहांच्या गती सिद्ध करता येतील काय, असा प्रश्न निघाला. सिद्धता आपल्यापाशी आहे असे हूकने सांगितले. रेनला ते पटले नाही, आणि दोन महिन्यांच्या आत जो ती आणून दाखवील त्याला चाळीस शिलिंगांचे पुस्तक देण्याचे त्याने कबूल केले. मुदत टळली, सिद्धता आली नाही. तेव्हा ऑगस्टात हॅली केंब्रिजला न्यूटनकडे गेला आणि त्याने तोच प्रश्न घातला. न्यूटन तत्काळ म्हणाला की कक्षा लंबवर्तुळाकार असेल, आपण ते गणिताने काढले आहे. परंतु कागद धुंडाळू लागला तो सापडेना. हॅलीने पिच्छा पुरविल्यावर नोव्हेंबरात नऊ पानांचे एक टिपण लंडनला आले, आणि त्या टिपणाचाच विस्तार होत होत १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ छापून बाहेर पडला.

आता, ज्या गणिताचे कागद सापडेनात ते गणित तरी न्यूटनने कशावरून मांडले होते? १६७९ च्या अखेरीस हूकने त्याच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. उंचावरून सोडलेला दगड पृथ्वीच्या पोटात शिरू शकला तर कोणत्या वाटेने जाईल, याची आकृती न्यूटनने काढून पाठविली. ती केंद्राकडे आवर्ताने उतरणारी होती आणि ती चूक होती. हूकने ती चूक रॉयल सोसायटीच्या बैठकीत चारचौघांसमोर दाखविली. न्यूटन दुखावला गेला, पण त्याच ईर्ष्येने त्याने तो प्रश्न नव्याने हाती घेतला, आणि हूकच्या या दुरुस्तीमुळेच आपण त्या शोधाकडे वळलो हे त्याने पुढे हॅलीला लिहिलेल्या पत्रात मान्यही केले. वूल्सथॉर्पच्या बागेतील सफरचंदाची कथा न्यूटनने स्वतःच म्हातारपणी सांगितलेली आहे आणि ती खोटी म्हणण्याचे कारण नाही. परंतु त्या सफरचंदापासून ‘प्रिन्सिपिया’पर्यंत वीस वर्षे गेली, आणि त्या वीस वर्षांत जे घडले ते एकान्तात घडलेले नाही.

ग्रंथ छापण्याची वेळ आली तेव्हा रॉयल सोसायटीची तिजोरी विलुबीच्या मत्स्यविषयक सचित्र ग्रंथावर रिकामी झालेली होती. सोसायटीचा अध्यक्ष सॅम्युएल पेपिस याने मुद्रणाची परवानगी दिली, पैसे मात्र हॅलीने पदरमोड करून घातले. आणि सोसायटीकडून त्याला येणे असलेल्या वेतनापोटी त्याच्या हाती पडल्या त्या त्याच न विकल्या गेलेल्या मत्स्यग्रंथाच्या पन्नास प्रती. मुद्रिते त्याने तपासली. मधल्या काळात हूकने आपल्या अग्रहक्काचा दावा सांगितला, तेव्हा न्यूटनने संतापाने तिसरा खंड छापूच नये असे ठरविले होते. त्याची समजूत घालून तो खंड हॅलीने वाचविला. गुरुत्वाकर्षण विश्वाला लागू करून दाखविणारा खंड नेमका तोच होता.

त्या तिसऱ्या खंडाची पाने उलटावीत, म्हणजे तो कोणाकोणाच्या श्रमांवर उभा आहे ते कळते. झां पिकारने मोजलेला पृथ्वीच्या परिघाचा अंश तेथे आहे, ग्रिनिचच्या फ्लॅमस्टीडने केलेले वेध आहेत, बंदरांतील भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत. त्यांपैकी एकच उदाहरण विस्ताराने सांगतो. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १६७२ साली झां रिशे याला विषुववृत्तानजीकच्या केयेन बेटावर वेध घेण्यासाठी पाठविले. पॅरिसला बरोबर सेकंद मारणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाकाठी सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले, आणि ते बरोबर चालावे म्हणून त्याला लंबक सव्वा ‘लाइन’ने, म्हणजे तीन मिलिमीटरहूनही किंचित कमी, आखूड करावा लागला. ही घड्याळाची खोड असेल किंवा उष्णतेचा परिणाम असेल असे म्हणून सोडून देणे सोपे होते. रिशेने तसे केले नाही. दहा महिने आठवड्यागणिक त्याने तेच माप पुन्हा पुन्हा घेतले. पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आणि ध्रुवांकडे चपटी आहे हे न्यूटनने केंब्रिज न सोडता सांगितले, ते त्या तीन मिलिमीटरांच्या आधाराने. आमच्या किती पाठ्यपुस्तकांत रिशेचे नाव आहे?

यावर प्रतिपक्षी म्हणेल की, सामग्री सर्वांपुढे पडलेली होती, मग सिद्धता एकट्या न्यूटनलाच का सुचली? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. हूकपाशी कल्पना होती, गणित नव्हते. रेन आणि हॅली यांच्यापाशी गणित होते, पण या प्रश्नापुढे ते थिटे पडले. न्यूटनच्या बुद्धीतून रतिमात्रही उणे करण्याचा माझा हेतू नाही. आणि म्हणूनच दुसऱ्या टोकाचा पक्षही मला मान्य नाही. हेसन या रशियन विद्वानाने १९३१ साली लंडनच्या परिषदेत असे प्रतिपादन केले की, ‘प्रिन्सिपिया’ ही उगवत्या व्यापारी वर्गाच्या नौकानयन, खाणी आणि तोफा यांविषयीच्या गरजांची निष्पत्ती आहे. गरज प्रश्न उभा करू शकते. उत्तर खरे की खोटे हे ती ठरवू शकत नाही. स्पेनलाही जहाजे हाकावयाची होती आणि व्हेनिसलाही तोफा ओतावयाच्या होत्या, परंतु ‘प्रिन्सिपिया’ तेथे निर्माण झाला नाही.

तेव्हा प्रतिभा व गरज या दोहोंखेरीज तिसरी एक गोष्ट त्या काळात होती, आणि तिचेच मंडन मला करावयाचे आहे. ती म्हणजे दुसऱ्याच्या कथनाची पडताळणी करण्याची रीत आणि ती चालविणारी संस्था.

डेल्फ्ट शहरातील आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी होता. त्याला लॅटिन येत नव्हते. तो डच भाषेत पत्रे लिही. मिऱ्याला तिखटपणा कशाने येतो हे जाणण्यासाठी त्याने मिरे पाण्यात भिजत घातले, काही आठवड्यांनी त्यातील थेंब स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरला, आणि त्यात सूक्ष्म जीव अगणित संख्येने वळवळताना पाहिले. हे वृत्त त्याने ऑक्टोबर १६७६ च्या पत्राने रॉयल सोसायटीला कळविले. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या या माणसाचे म्हणणे सोसायटीने थट्टेवारी नेले नाही, आणि पदरातही घेतले नाही. निहेमाया ग्रू याने प्रयोग करून पाहिला, त्याला काही दिसले नाही. लेव्हेनहूकने डेल्फ्टमधील धर्मोपदेशक, नोटरी आदी आठ प्रतिष्ठितांची लेखी साक्ष घेऊन तो महजर लंडनला रवाना केला. तरीही सोसायटीचे समाधान झाले नाही. अखेर हूकने केसासारख्या बारीक काचनळ्या ओढून त्यांत मिऱ्याचे पाणी भरले. पहिल्या प्रयत्नांना यश आले नाही, परंतु नोव्हेंबर १६७७ च्या मध्यास जमलेल्या सभासदांनी ते जीव आपल्या डोळ्यांनी पाहिले, आणि १६८० साली तो कापडवाला सोसायटीचा सभासद निवडला गेला. न्यूटनची चूक चारचौघांत काढणारा हूक आणि एका अनोळखी दुकानदाराचे खरेपण सिद्ध करण्यासाठी काचनळ्या ओढणारा हूक हा एकच मनुष्य आहे. त्याच्या तापट स्वभावाविषयी लिहिणाऱ्यांनी ही दुसरी गोष्ट विसरू नये.

हीच रीत आपल्या भूमीवर घडलेल्या एका ग्रंथातही दिसते. ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीने मिऱ्यासाठी १६६३ मध्ये कोची जिंकली, तिचाच तेथील अधिकारी व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला प्रसिद्ध करविला. त्याच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे आणि रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तिघा कोकणी ब्राह्मणांचे प्रतिज्ञापत्र छापलेले आहे. ब्राह्मणांचे कोकणीत, नागरी लिपीत. माहिती कोणी दिली व तिची जबाबदारी कोणावर, हे वाचकापुढे ठेवल्यावाचून ग्रंथ प्रमाण मानू नये, ही रीतच तेथे दिसते. गोव्याहून परागंदा झालेल्या कोकणी समाजातील या पंडितांची नावे युरोपच्या ग्रंथालयांत जपली गेली आणि आम्हाला अपरिचित राहिली, याची मला खंत वाटते.

ही रीत आपोआप टिकत नाही, याचा पुरावा त्याच काळातील फ्रान्स देतो. चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेअर याच्या आश्रयाने पॅरिसची ही अकादमी भरभराटली होती. डेन्मार्कचा ऱ्योमर तेथेच गुरूच्या उपग्रहाच्या ग्रहणांवरून १६७६ साली प्रकाशाला वेग आहे हे सांगू शकला, आणि हॉलंडचा क्रिस्तिआन ह्युगेन्स तर तिचा आधारस्तंभ होता. ऱ्योमर १६८१ साली मायदेशी परतला. त्याच साली प्रकृतीच्या कारणाने ह्युगेन्सही हॉलंडला गेला. १६८३ साली कोलबेअर वारला, १६८५ साली लुईने प्रॉटेस्टंटांना संरक्षण देणारे नांतचे फर्मान रद्द करून प्रॉटेस्टंटांना देशोधडीला लावले, आणि प्रॉटेस्टंट ह्युगेन्सला परतीचे दार बंद झाले. साठीच्या वयात, १६८९ मध्ये, तो समुद्र ओलांडून लंडनला गेला आणि तेथे न्यूटनला भेटला. न्यूटनच्या गणितापुढे त्याने मान तुकविली. दोन पदार्थ मध्ये काही नसताना एकमेकांना ओढतात हे मात्र त्याने मानले नाही, आणि पुढल्याच वर्षी लायडनला आपला प्रकाशविषयक ग्रंथ छापताना, गुरुत्वाच्या कारणाचा स्वतंत्र प्रबंध त्याला जोडून त्याने आपला मतभेद सकारण, नाव घेऊन मांडला.