एकाच जातीचे बेणे आणि एकाच दुकानाचा बोर्ड



ऊस विकास विभागाने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांवर का लिहावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. तोडलेला ऊस कोणासाठी थांबत नाही. तो दिवस-दिवस गाडीत राहिला की वजन घटते, उताराही घटतो. आणि गव्हाणीची वाट वजनकाट्यावरून जाते, तर काट्याचा जीव तळहाताएवढ्या एका बोर्डात असतो.

गेल्या हंगामात काट्याचा बोर्ड जळाला. पुरवठादार म्हणाला, "आतली चिप परदेशातून येते, आठवडे लागतील." सगळ्या गाड्या दुसऱ्या काट्यावर वळवाव्या लागल्या. गाडीतळावर रांग लागली ती हलेचना. बोर्ड कितीचा, आणि वाळलेला ऊस कितीचा? हिशेब आपणच करावा.

एकावरच भिस्त ठेवण्याचा धोका आपल्याला नवा नाही. उत्तर प्रदेशात को 0238 या जातीने उताऱ्याला मोठा हात दिला. म्हणून तीच जात बहुतेक क्षेत्रावर पसरली. मग लाल कूज आली आणि शेतकरी, कारखाने दोघेही अडचणीत आले. जात वाईट नव्हती. दुसरी तयार नव्हती, ही चूक होती.

भागांचेही तसेच. 17 मार्च 2000 रोजी अमेरिकेत अल्बुकर्क येथे फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. दहाएक मिनिटांत ती विझली, पण धूर आणि पाण्याने माल नासला. नोकिया आणि एरिक्सन दोघेही तिथूनच चिप घेत. नोकियाने लगेच इतर ठिकाणांहून सोय लावली. एरिक्सनकडे त्या चिपसाठी दुसरा पुरवठादारच नव्हता. सुमारे 40 कोटी डॉलरची विक्री बुडाली.

साठ्याचाही उपयोग होतो. 2011 च्या भूकंपानंतर टोयोटाने चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. 2021 च्या टंचाईत सुरुवातीला त्यांचे काम चालू राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरात मात्र त्यांनाही उत्पादन कमी करावे लागले. म्हणजे साठा वेळ मिळवून देतो, कायमचा तारत नाही.

यावर नेहमीचे उत्तर येते, "स्टोअरमध्ये पैसा अडकतो." खरे आहे. म्हणूनच सगळेच भाग भरून ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. जो बंद पडला तर ऊस थांबतो आणि जो आठ दिवसांत मिळत नाही, तेवढाच भाग ठेवावा. त्यासाठी हंगामापूर्वी यादी करावी: भाग कोणता, देणारे किती, किती दिवसांत मिळतो, ते मॉडेल बंद तर होत नाही ना. काट्याचे सील तोडून दुरुस्ती केली की वैधमापन खात्याकडून पुन्हा मुद्रांकन करून घ्यावे लागते. तेव्हा ऐन वेळी मिळेल ते बसवून चालत नाही.

टंचाईत बाजारात जुन्या, भंगारातल्या चिपा घासून-पुसून नव्या म्हणून विकतात. स्वस्त पडलं म्हणून घेऊ नये. अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलानेच घ्यावं. आणि घेतलेला बोर्ड दमट कपाटात टाकून विसरू नये. पावसाळा सरला की एकदा लावून पाहावा.

हेच आपल्या मळ्यातही लागू आहे. ठिबकचा स्वयंचलित कंट्रोलर घेताना दोन प्रश्न जरूर विचारा. पाच वर्षांनी याचा बोर्ड मिळेल का? आणि तो बंद पडला तर हातानं व्हॉल्व्ह फिरवून पाणी देता येईल का? दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर तो घेऊच नका.

वार्षिक सभेत सुट्या भागांचा खर्च दिसला की सभासदांनी जरूर जाब विचारावा. पण भाग नव्हता म्हणून ऊस वाळला, तर त्याचाही जाब तितक्याच मोठ्याने विचारावा, अशी आमची विनंती आहे.