आईनं नऊ मोजलेच नाहीत



परवा शेतीला रात्रपाळीची वीज होती. मोटार चालू करून विहिरीवर बसलो होतो, सोबतीला नातू. त्यानं मोबाईलवर जुना सिनेमा लावला. ‘नया दिन नई रात’, 1974 सालचा. मला म्हणतो, “आजोबा, ह्यात संजीवकुमारनं एकट्यानं नऊ जणांची कामं केलीत म्हणे!”

म्हटलं, पोरा, ही गोष्ट तुझ्या पणजीला काही पटली नव्हती.

हा सिनेमा आमच्या जत्रेतल्या तंबूत 1977 साली आला. तेव्हा नवा सिनेमा खेड्यात यायचा म्हणजे तो जुना होऊनच यायचा. मध्ये कनात, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला गडी. मशीन एकच, त्यामुळं रीळ बदलेपर्यंत अंधार आणि भुईमुगाच्या शेंगांचा कडाकडा आवाज. मी तेव्हा मॅट्रिकला. बरोबरीची पोरं अमिताभ नाहीतर धर्मेंद्रची, मी एकटा संजीवकुमारचा. “त्या जाड्यात काय बघतोस?” म्हणून चेष्टा व्हायची. ह्याच माणसानं ‘परिचय’मध्ये जया भादुरीचा बाप केला, ‘कोशिश’मध्ये नवरा केला आणि ‘शोले’त सासरा केला, हे मी त्यांना पाठ म्हणून दाखवायचो. ‘शोले’ आला तेव्हा गड्याचं वय अवघं सदतीस!

ह्या सिनेमातही जया भादुरीच आहे. लग्नाच्या बोलण्यावरून ती पोरगी घर सोडते आणि तिला एकामागून एक माणसं भेटतात. बायको गेलेला बाप, दारुडा, वेड्यांच्या इस्पितळातला डॉक्टर, बंदूकवाला, ढोंगी स्वामी, महारोगी, नाटकातला नट, असं करत करत गाडी नवरदेवापर्यंत येते. नऊ रस, नऊ माणसं. कल्पना मूळची तमिळ ‘नवरात्री’ची. 1964 साली ती नऊ कामं शिवाजी गणेशननं केली होती.

आता जाणते म्हणतील, एका नटानं अनेक सोंगं घ्यायची ह्यात नवल काय? आपल्या प्रभाकर पणशीकरांनी ‘तो मी नव्हेच’मध्ये पाच सोंगं घेतली, तीही रंगमंचावर, लोकांच्या डोळ्यांदेखत. खरं आहे. सिनेमावाल्याला रंग चढवायला वेळ मिळतो. दोन सोंगं समोरासमोर आणायची, तर अर्धी काच झाकून एकदा चित्र घ्यायचं, फिल्म मागं फिरवून दुसरी बाजू झाकायची आणि पुन्हा घ्यायचं, अशी जुनी युक्ती होती. पण दाढी बदलली म्हणून माणूस बदलत नाही. 1982 च्या ‘अंगूर’मध्ये ह्याच संजीवकुमारनं दोन जुळे भाऊ केले. तोंडावळा एकच, तरी बघणाऱ्याची गल्लत होत नाही. तिथं दाढीमिशी मदतीला नव्हती.

तंबूत त्या रात्री स्वामीला शिट्ट्या पडल्या, नटाला पडल्या. डॉक्टरला एकही नाही. मी आपला बोटं मोजत होतो. महारोगी पडद्यावर आला आणि शेंगांचा आवाज थांबला. बायांच्या अंगाला कुणीतरी नाक ओढलं.

घरी येताना बैलगाडीत मी फुशारकीनं म्हटलं, “आई, नऊच्या नऊ कामं एकट्या संजीवकुमारची!”

“कंची नऊ?”

मी सांगितलं. तिला काही पटेना. “आरं, तो रोगी आन् तो नवरदेव एकच? कायतरीच बोलतोस.” थोड्या वेळानं म्हणाली, “त्या रोग्याला पुढं कुणी बघितलं का रं?”

मला राग आला. पैसे मोडून आपल्या देवाचा सिनेमा दाखवावा आणि हिला देवच ओळखू येऊ नये! एवढी मोठी करामत तिच्या डोळ्यांसमोरून गेली आणि तिनं पाहिलीच नाही, असं मला वाटलं.

माझ्या धाकट्या मामाला तोच आजार होता. मळ्याच्या कडेला खोपीत राहायचा. आई रोज भाकरी बांधावरच्या दगडावर ठेवायची, हाक मारायची आणि वळायची. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ती दगडाशी थांबली नाही. खोपीत गेली आणि मामाचं जेवण होईस्तोवर बसली. आजीनं आठ दिवस तिच्याशी अबोला धरला.

पुढं ह्या रोगावर नवी औषधं आली. दोन-तीन औषधं एकत्र द्यावीत असं जागतिक आरोग्य संघटनेनं 1981 साली सांगितलं, आणि मामालाही ती मिळाली. रोग गेला, झडलेली बोटं मात्र गेली ती गेलीच. (अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर घरात लपवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट आहे, आणि सहा महिने ते वर्षभरात माणूस बरा होतो.)

संजीवकुमार 6 नोव्हेंबर 1985 ला गेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. पेपरात फोटो आला होता. मी आईला दाखवला. तिनं निरखून पाहिला आणि विचारलं, “हा कोण?”

नातू विहिरीवर बोटं मोजत होता. आठवा चालू असताना वाफा भरला, आणि मला दारं मोडायला उठावं लागलं.