विश्लेषण : खोल समुद्रातला गॅस आणि मुकुटबनच्या शेतातला युरिया

पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातील तेल आणि वायूच्या शोधासाठी राष्ट्रीय मोहीम जाहीर केली. त्याच खरिपात अनेक राज्यांत युरियासाठी रांगा लागल्या होत्या. या दोन बातम्यांचा संबंध फारसा कोणी जोडला नाही. प्रत्यक्षात त्या एकाच साखळीच्या दोन टोकांच्या आहेत.

मुकुटबनचा समुद्राशी संबंध काय?

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन ओळखले जाते ते कोळसा, २०२२ मध्ये सुरू झालेला सिमेंट कारखाना आणि कापूस यांसाठी. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही सरळ रेषेत मोजले तर मुकुटबनला मुंबईपेक्षा आंध्र प्रदेशातील काकीनाडा जवळ पडते. या भागातले पावसाचे पाणी पैनगंगेतून वर्धा, पुढे प्राणहिता आणि शेवटी गोदावरीला मिळून त्याच किनाऱ्यावर उतरते. गोदावरीने लाखो वर्षे वाहून नेलेल्या वाळू-गाळाचे थर बंगालच्या उपसागराच्या तळाशी साचले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू सापडला तो अशाच थरांत.

हा वायू विदर्भात परत येतो तो गोणीतून. नैसर्गिक वायूतला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन यांपासून अमोनिया आणि त्यापासून युरिया बनतो. अलिबागजवळच्या थळ येथील ‘आरसीएफ’चा कारखाना मुळात मुंबई हायच्या वायूवर उभा राहिला. युरियाच्या उत्पादन खर्चात सर्वांत मोठा वाटा वायूचाच असतो.

खोल समुद्र म्हणजे किती खोल?

१९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायला पाण्याची खोली जेमतेम ७५ ते ८० मीटर आहे. तिथे तळावर पाय रोवलेले पोलादी फलाट उभे करता आले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात रिलायन्स आणि ‘बीपी’ यांनी डिसेंबर २०२० मध्ये सुरू केलेले ‘आर क्लस्टर’ मात्र दोन हजार मीटरहून अधिक खोल पाण्यात आहे. तिथे पाणबुडेही पोहोचू शकत नाहीत. विहिरीचे तोंड, झडपा आणि नळ हे सगळे समुद्रतळावर यंत्रमानवांच्या साहाय्याने बसवावे लागते. तळाशी थंडी आणि प्रचंड दाब असल्याने वायू आणि पाणी मिळून बर्फासारखे खडे तयार होतात आणि वाहिनी तुंबते. ते टाळण्यासाठी ग्लायकॉल हे रसायन सतत सोडावे लागते. एका विहिरीचा खर्च शेकडो कोटींत जातो.

अंदाज का चुकले?

खरी गोम इथे आहे. मुकुटबन परिसरात कोळशाचा थर मोजायचा तर ठरावीक अंतराने बोअर घेता येतात. खोल समुद्रात एवढ्या विहिरी खोदणे परवडत नाही. भूकंपलहरींचे सर्वेक्षण आणि मोजक्या विहिरी यांवरून साठा ठरवावा लागतो.

‘केजी-डी६’ क्षेत्रात २००२ मध्ये वायू सापडला आणि एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. लक्ष्य होते दिवसाला ८ कोटी घनमीटर. २०१० मध्ये उत्पादन ६ कोटींपर्यंत गेले आणि तिथून घसरले. २०१३-१४ मध्ये ते दीड कोटीच्याही खाली आले. ‘डी१-डी३’ या मुख्य क्षेत्रांचा साठा आधी सुमारे १० ट्रिलियन घनफूट मानला गेला होता, तो नंतर ३ ट्रिलियनच्या आसपास आणला गेला. भूगर्भरचना अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीची निघाली, असे कंपनीचे म्हणणे. ठरल्यापेक्षा कमी विहिरी खोदल्या, असे सरकारचे. खर्चाच्या वसुलीचा वाद लवादापर्यंत गेला. नदीच्या जुन्या पात्रांतली वाळू सलग नसते, तुकड्यातुकड्यांत असते, हे इथे महागात पडले. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डी१-डी३’ बंद झाले.

महाराष्ट्राला त्याची झळ दाभोळमध्ये बसली. या वायूवर चालणारा १,९६७ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ मध्ये ठप्प झाला आणि पुढे रेल्वेला वीज देण्यासाठी अंशतः सुरू झाला, तोही आयात वायूवर. वणी-चंद्रपूरच्या कोळशावरची वीज तेवढी चालू राहिली.

मग पैसे कोण मोजतो?

शेतकऱ्याला ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांनाच मिळते. वायू महागला तरी हा आकडा हलत नाही. फरक अनुदानातून, म्हणजे सरकारी तिजोरीतून भरला जातो. खोल समुद्रातील वायूला एप्रिल ते सप्टेंबर २०२५ साठी प्रति एमएमबीटीयू १०.०४ डॉलर ही कमाल किंमत होती, तर ‘ओएनजीसी’च्या जुन्या क्षेत्रांतील वायूला ६.७५ डॉलरची मर्यादा. समुद्रात पैसा घालणाऱ्याला चांगला दर हवा, हे खरे. पण तोच दर पुढे खताच्या अनुदानाचा बोजा होतो. २०१५ पासून युरिया कारखान्यांसाठी देशी आणि आयात वायूची सरासरी किंमत धरली जाते, त्यामुळे कारखान्यांमधला दरातला फरक मिटला, एकूण बिल मात्र तेवढेच राहिले.

किंमत गोठलेली असल्याने टंचाई दिसते ती भावात नव्हे, उपलब्धतेत. कपाशीला खत देण्याच्या दिवसांत गोणीच मिळाली नाही, तर सरकारी दराचा उपयोग नाही. देशाची युरियाची गरज अजूनही पूर्णपणे देशी उत्पादनातून भागत नाही, आणि देशात वापरल्या जाणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा आयात होतो.

पुढे काय?

‘केजी-डी६’मधील तीन नव्या प्रकल्पांनी उत्पादन पुन्हा दिवसाला ३ कोटी घनमीटरच्या घरात नेले. ‘ओएनजीसी’च्या शेजारच्या क्षेत्राची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली, तिथून पहिले तेल निघायला जानेवारी २०२४ उजाडले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘ऑइल इंडिया’ला अंदमानजवळ २९५ मीटर पाण्यात वायू आढळला. तो किती आहे आणि काढणे परवडेल का, हे आणखी विहिरी खोदल्यावरच कळेल. ‘केजी-डी६’मध्ये सापडण्यापासून नळात येईपर्यंत सात वर्षे गेली होती, आणि त्या क्षेत्रापासून किनारा जवळ होता. अंदमानहून मुख्य भूमी हजार किलोमीटरहून लांब आहे.