आडवाटेचे सुख

चांगला डांबरी रस्ता सोडून हा माणूस दगडधोंड्यांत मोटारसायकल घालतो कशाला, असे घरचे नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर मला वेल्ह्याकडच्या एका ओढ्यात गाडीसकट आडवा पडल्यावर सापडले.

हमरस्त्यावर गाडी आपल्याला नेते. बैलगाडीच्या वाटेवर आपल्याला तिला न्यावे लागते. फूटरेस्टवर उभे राहायचे, गुडघ्यांनी टाकी धरायची, हँडल आवळायचे नाही आणि नजर समोरच्या दगडावर नव्हे, पलीकडच्या वाटेवर ठेवायची. ताशी २० किलोमीटरच्या वेगातही मनात दुसरा विचार शिरत नाही. कचेरी, कर्जाचे हप्ते, सारे मागे राहते. माझ्यासारख्याला हेच सुख पुरते.

२०१५ साली सी. एस. संतोष यांनी डकार रॅली पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. २०१९ मध्ये २१ इंची पुढच्या चाकाची हीरो एक्सपल्स २०० आली आणि हा छंद मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आला.

म्हणूनच आता एक गोष्ट बजावून सांगायला हवी. सह्याद्रीच्या सड्यांवर मातीचा थर अगदी पातळ असतो. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या कासच्या पठारावरची फुले त्याच थरावर जगतात. ओल्या सड्यावर चाक फिरले की माती मुळांसकट उखडते. तेव्हा वाट असेल तेथवरच गाडी न्यावी. वाट संपली की स्टँड लावावा आणि पुढे पायी जावे. आडवाटेची आवड असणाऱ्याला वाट आणि रान यांतला फरक कळलाच पाहिजे.